वहिनींचे साडेतीन लाख आणि बापूंची पाच कर्जं

२०२५ च्या जूनमधल्या पहिल्या आठवड्यात वहिनी एकट्याच घरी आल्या. सांगलीच्या गावभागातून विश्रामबागेपर्यंत रिक्षा करून, भर पावसात. पदराने पर्स पुसली, पासबुक काढलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ३,५०,००० रुपये जमा, चेकने.

"काका, हे आलंय. ह्यांना अजून बोलले नाही. आधी तुम्हाला विचारावं म्हटलं."

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. शेवटची बारा वर्षं कर्ज विभागात गेली, त्यामुळे ओळखीपाळखीतले लोक कागदांची पिशवी घेऊन येतात. चहा होतो, वही उघडते. वहिनी आणि त्यांचे यजमान बापू त्यांतलेच. त्यांची परवानगी घेऊन हे लिहितोय. नावं दिलेली नाहीत, बापू तर अर्ध्या सांगलीत सापडतील. आकडे शंभर-दोनशेने गोल केलेत, पण हिशेब त्यांच्याच वहीतला आहे.

आराखडा, आणि त्यातलं भोक

बापूंची पिठाची गिरणी आहे. दळणाच्या दोन चक्क्या आणि एक मिरची कांडपाचं यंत्र. नदी तिथून फार लांब नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा तिन्ही मोटरी पाण्याखाली होत्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पहिल्या पुरानंतर पतसंस्थेचं कर्ज झालं, दुसऱ्यानंतर वहिनींच्या पाटल्या आणि गंठण बँकेत गेलं. मग घरखर्चाला क्रेडिट कार्ड, आणि कार्डाचं बिल भरायला मोबाईलवरच्या ॲपची तीन छोटी कर्जं. हा उतार सगळ्यांच्या ओळखीचा आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

जून २०२४ मध्ये दोघं पहिल्यांदा आले, तेव्हा आम्ही एक आराखडा केला. पतसंस्थेकडून मुदत वाढवून घेतली. ॲपची तीन कर्जं मोडून एकाच वित्तसंस्थेकडून दोन वर्षांचं एक कर्ज केलं. कार्ड कपाटात, वहिनींच्या साड्यांखाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. काही देशांत कर्जात बुडालेल्या माणसाला कायद्याच्या छत्राखाली परतफेडीची योजना मिळते. आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठीचा भाग लिहिलेला आहे, पण तो सुरू झाला फक्त कंपन्यांना वैयक्तिक जामीन राहिलेल्यांसाठी, २०१९ मध्ये. गिरणीवाल्याला त्याचा काही उपयोग नाही. तेव्हा आमचा आराखडा म्हणजे दोनशे पानी वहीतलं एक पान. त्या पानाने कुणाचं व्याज थांबत नाही आणि कुणाचा फोनही थांबत नाही. पाळला तोवर आराखडा, नाहीतर रद्दी.

वहिनी आल्या त्या दिवशी पान असं होतं. पतसंस्थेचे २,१०,००० बाकी, व्याज १४ टक्के, हप्ता ७,२००, अजून तीन वर्षं. वित्तसंस्थेचे ९६,०००, व्याज २४ टक्के, हप्ता ९,१००, अजून बारा महिने. कार्डाचे ६८,०००, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, भरणा ३,५००. सोनेतारण १,२०,०००, व्याज ९ टक्के. याला हप्ता नाही, पण वर्षाला नूतनीकरणाच्या वेळी व्याज भरायचं म्हणून महिन्याला ९०० बाजूला. आणि साडूंकडून उसने घेतलेले ६०,०००, बिनव्याजी, बिनतारखेचे. एकूण ५,५४,०००. महिन्याला जाणारे २०,७००.

गिरणीचं उत्पन्न मात्र महिन्यावर चालत नाही. आपल्याकडे वर्षाची चटणी उन्हाळ्यात होते. फेब्रुवारी ते मे कांडपाला रांग लागते. खर्च, वीजबिल जाऊन महिन्याला पंचावन्न हजार सुटतात. उरलेले आठ महिने नुसतं दळण, सत्तावीस हजार. घराला सतरा हजार लागतात.

आराखडा करताना मी शहाण्यासारखी सरासरी काढली होती. वर्षाचे ४,३६,००० म्हणजे महिन्याला छत्तीस हजारांच्या वर. घरखर्च जाऊन एकोणीस हजार. हप्त्यांना हजार-दीड हजार कमी पडतील, थोडी ओढाताण होईल, असं मी बापूंना सांगितलं होतं. नोकरदाराचं गणित गिरणीवाल्याला लावलं, दुसरं काय. प्रत्यक्षात पावसाळ्यात घरखर्च जाऊन दहा हजार उरत आणि हप्ते २०,७००. दरमहा १०,७०० ची खोट. आठ महिन्यांत ८५,६००. साडूंचे साठ हजार तिथेच गेले होते, बाकीचं किराणा दुकानाच्या उधारीत. पुढे हंगामात जे सुटलं त्यातून उधारी फिटली, मुलीच्या डिप्लोमाची फी गेली, एका मोटरीचं रीवाइंडिंग झालं. साडू राहिले. आणि आता पुन्हा जून आला होता.

पैसा कुणाचा

वहिनींचं माहेर वाळवा तालुक्यात. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर दोन भाऊ आणि दोन बहिणी अशी वारस नोंद झाली. थोरल्या बहिणीने काही वर्षांपूर्वीच हक्कसोडपत्र करून दिलं होतं. साडी-चोळी, जेवण, सही. या वर्षी भावांनी एक तुकडा विकायला काढला, तेव्हा घेणाऱ्याच्या वकिलाने वहिनींची सही मागितली. सगळ्यांनी धरून चाललं होतं की धाकटीही साडी घेऊन सही करेल.

ती म्हणाली, माझा वाटा द्या, मग खरेदीखतावर सही करते.

२००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की हा हक्क जन्माने येतो, २००५ साली वडील हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. कायदा तिच्या बाजूला होता. पण तेवढ्याने पैसे येत नाहीत. तोंड उघडावं लागतं. गावात चर्चा झाली. माहेर तुटलं का? दिवाळीला भाऊ फराळ घेऊन आला होता, एवढं सांगतो. (जमीन खेड्यातली, शेतीची, शहराच्या हद्दीपासून लांब, म्हणून भांडवली नफ्याचा कर नव्हता. शहरालगतच्या जमिनीला हे लागू नाही.)

हे सगळं सांगायचं कारण असं की बापूंना कळल्या क्षणापासून घरात बोलणं सुरू झालं ते "आपल्याकडे साडेतीन लाख आलेत" असं. मी त्यांना थांबवलं. आलेत ते वहिनींच्या खात्यात. नवऱ्याचं कर्ज बायकोवर येतं ते तिने सही केली असेल तेवढंच. पाचांपैकी पतसंस्थेच्या कर्जाला वहिनी सहकर्जदार होत्या. कार्ड आणि वित्तसंस्था एकट्या बापूंची. सोनं वहिनींचं, कर्ज गिरणीचं. जे पैसे वापरायचे ते कुणाचे, हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारतो, व्याजदर नंतर. बापूंना तो आवडला नाही. दोन मिनिटं खिडकीबाहेर बघत बसले.

ज्याचं त्याचं बरोबर

रविवारी आमच्या पडवीत बैठक झाली. बापू, वहिनी, त्यांची मुलगी, आणि वहिनींचा भाऊ, जो मुद्दाम आला होता.

बापूंचं म्हणणं, सगळे पतसंस्थेत भरू. कारण जामीनदार. एक शेजारचा सायकल दुकानदार, रोज सकाळी दिसणारा. दुसरा शाळेतला मित्र. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या अखत्यारीत येते. थकबाकी झाली की १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो, कलम १५६ खाली जप्ती होऊ शकते, आणि ती जामीनदारावरही. बापूंची भीती खोटी नव्हती. ज्याला रोज रामराम घालायचा त्याच्या घरी आपल्यामुळे नोटीस जाणं म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळतं.

भावाचं म्हणणंही पतसंस्थाच, पण वेगळ्या कारणाने. बहिणीची सही जिथे आहे तेवढंच तिच्या पैशाने फेडा, दाजींच्या कार्डाबिर्डाशी तिचा संबंध नाही. उरलेले ठेव ठेवा. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर चारही जणांत हाच मुद्दा सगळ्यात घट्ट होता, आणि तो बोलताना बापूंकडे बघत नव्हता.

मुलगी म्हणाली, जास्त व्याजाचं आधी. कार्ड, मग वित्तसंस्था, मग पतसंस्था. हे कुठेही वाचायला मिळतं आणि बहुतेक वेळा खरंही असतं.

वहिनी काही बोलल्या नाहीत. चहा केला. (माझ्या घरी. मला साखर कुठे आहे ते विचारावं लागतं, त्यांना लागत नाही.)

पाचवं मत फोनवरचं. आठवडाभर एक माणूस बापूंना सांगत होता की फी द्या, सगळी कर्जं चाळीस टक्क्यांत सेटल करून देतो. मी त्याच्याशी बोललो. युक्ती अशी की आधी तीन-चार महिने हप्ते बंद करायचे. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं, मग बँक तडजोडीला बसते. म्हणजे चालू असलेली खाती मुद्दाम पाडायची, त्याची फी द्यायची आणि सिबिलवर 'सेटल्ड' शेरा घ्यायचा. पतमाहिती कंपन्यांनी ही माहिती किमान सात वर्षं जपायची असते. जो खरंच बुडालाय त्याला तडजोड हा मार्ग असतो, नाही असं नाही. पण बापूंचा एकही हप्ता वर्षभरात चुकला नव्हता. ते बुडाले नव्हते, पावसाळ्यात नाकातोंडात पाणी जात होतं.

एक रुपया हप्ता सोडवायला किती रुपये

मी वहीवर एक साधा भागाकार मांडला. बाकी भागिले हप्ता. महिन्याचा एक रुपया हप्ता कायमचा थांबवायला आज किती रुपये ओतावे लागतील?

वित्तसंस्था, ९६,००० भागिले ९,१००, म्हणजे साडेदहा रुपये. कार्ड, साडेएकोणीस. पतसंस्था, एकोणतीस. सोनेतारण, १,२०,००० भागिले ९००, म्हणजे एकशे तेहतीस. साडूंना हप्ताच नाही, भागाकारच होत नाही.

बापूंनी पान स्वतःकडे ओढलं. ज्या पतसंस्थेत त्यांना दोन लाख दहा हजार ओतायचे होते, तिथे ७,२०० सुटणार होते. तेवढ्याच्या निम्म्याहून कमी पैशांत वित्तसंस्थेचे ९,१०० सुटत होते. शिवाय पतसंस्थेत थोडी रक्कम भरली तर हप्ता तोच राहतो, मुदत तेवढी कमी होते. पावसाळ्यातल्या माणसाला मुदतीचं काय लोणचं घालायचंय?

व्याजाच्या नजरेने मात्र वित्तसंस्थेचं कर्ज आज फेडणं फार शहाणपणाचं दिसत नव्हतं. बारा हप्त्यांचे होतात १,०९,२००; म्हणजे पुढचं सगळं व्याज तेरा हजार दोनशे. त्यात मुदतपूर्व फेडीचा आकार ४ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ४,५३१. वाचणार साडेआठ हजारांच्या आसपास. (रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ मध्ये या आकाराबद्दल नवे नियम काढले, पण ते १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या, बदलत्या व्याजदराच्या कर्जांना. बापूंचं जुनं आणि स्थिर दराचं.) मुलीने बरोबर हेच पकडलं. "काका, एक लाख घालून साडेआठ हजार वाचवायचे? त्यापेक्षा पतसंस्थेत जास्त वाचतील."

वाचतील, तीन वर्षांत. पण जुलैचा हप्ता जुलैत आहे. गेल्या पावसाळ्यात याच खोटीने साठ हजारांचं नवं कर्ज जन्माला घातलं होतं. जुनी कर्जं स्वस्तात फेडत असताना घर नवं कर्ज काढत असेल, तर व्याजदरांचा तक्ता भिंतीवर लावून काय उपयोग?

कार्डाबद्दल वाद झालाच नाही. महिन्याला साडेतीन म्हणजे वर्षाला ४२ टक्के, व्याजावर पुन्हा जीएसटी. ३,५०० भरले की २,८०० व्याज आणि करात जात, मुद्दल सातशेने हलायचं. आपल्या राज्यात परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. कार्डाला ते बंधन नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वरचं कार्डव्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. सावकार शब्द आपण कुणाला वापरतो, याचा कधीतरी विचार करावासा वाटतो.

दोन्ही मिळून १,६८,५३१ रुपये. महिन्याचे १२,६०० मोकळे. उरतात पतसंस्थेचे ७,२०० आणि सोन्याचे ९००, म्हणजे ८,१००. पावसाळ्यात घरखर्च जाऊन उरतात दहा हजार. पहिल्यांदाच पावसाळ्यातला महिना उधारीशिवाय बंद होत होता, वर एकोणीसशे.

आणि जामीनदार? पतसंस्थेचा हप्ता बापू महिन्याला भरतच नाहीत. पिग्मी एजंट रोज संध्याकाळी गिरणीवर येतो, गल्ल्यातून २४० रुपये नेतो. मंदीच्या दिवशी शंभर, शनिवारी चारशे. पाचांतलं हे एकच कर्ज गिरणीच्या चालीने चालत होतं. ज्या कर्जाची भीती सगळ्यात मोठी, तेच सगळ्यात कमी जाचत होतं. जामीनदाराला सांभाळायचं तर हे कर्ज आज संपवायची गरज नव्हती, ते कधी थकू नये एवढी सोय करायची होती.

भावाचा मुद्दा तरीही शिल्लक होता. बहिणीचे पैसे, दाजींच्या एकट्याच्या कर्जात. मी म्हटलं, खरंय, म्हणून हे देणं वहीत चढवा. वहिनींकडून बापूंनी १,६८,५३१ घेतले, हंगामात परत करतील. बापू म्हणाले, "घरात कुठं कागद करतात व्हय?" मी म्हटलं, साडूंचा कागद नाही केलात, त्यांचं काय झालं? मुलीनेच वहीत पान घातलं. वर लिहिलं, 'आईचे देणे'. खाली बापूंची सही.

साठ हजार

राहिले १,८१,४६९. माझा सल्ला तयार होता. सोनं राहू दे. ९ टक्क्यांचं, सगळ्यात स्वस्त. २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलं, त्यामुळे कर्जाच्या मानाने तारण कितीतरी जास्त झालंय, बँक घाई करणार नाही. साडूंना हंगामात थोडे थोडे द्या. एक लाख ठेवीत ठेवा, बाकी पतसंस्थेत भरा.

मला वाटत होतं, वहिनी सोनं मागतील. गंठण बँकेत गेल्यापासून त्या लग्नाकार्यात खोटं घालून जात होत्या, आणि हे मला माझ्या बायकोकडून कळलं होतं. तसं त्यांनी मागितलं असतं तर मी हरकत घेणार नव्हतो.

त्या म्हणाल्या, "साठ हजार आधी ताईला."

मी भागाकार दाखवला. बिनव्याजी आहे, हप्ता नाही, त्यांनी एकदाही मागितलेले नाहीत.

"मागितलेले नाहीत म्हणूनच."

मग खुलासा झाला, आणि तो ऐकून मी पेन खाली ठेवलं. साडू म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. तीच बहीण, जिने साडी घेऊन हक्क सोडला होता. आता धाकटीने वाटा घेतला, साडेतीन लाख मिळाले, आणि थोरलीचे साठ हजार धाकटीच्या नवऱ्याच्या गिरणीत अडकलेले. ताई काही बोलणार नाही. पण पुढच्या खेपेला माहेरी दोघी एका ताटलीत बसतील तेव्हा मधे ते साठ हजार असतील. "माझा वाटा मी भांडून घेतला, काका. तिचे पैसे ठेवून घेतले तर भांडणाला तोंड कुठलं राहतं?"

मी तेहतीस वर्षं कर्जांची प्रकरणं पाहिली. अर्जात 'इतर देणी' असा एक रकाना असतो आणि त्यात लोक सहसा आडवी रेघ मारतात. त्या रेघेखाली काय काय असतं, हे बँकेतून दिसत नाही. माझ्या पानावरही साडू सगळ्यात खाली होते.

साठ हजार दुसऱ्या दिवशी ताईंच्या खात्यावर गेले. साडूंच्या नाही, ताईंच्या. हेही वहिनींनीच ठरवलं. रोख नेऊन द्यावेत असं बापूंचं मत होतं, पण वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज-उसनवार रोखीत फेडायला आयकर कायद्यात मनाई आहे, ते बरंच झालं. मुलगी ती रक्कम 'आईचे देणे'मध्ये मिळवायला गेली तर वहिनींनी हात धरला. "ते ह्यांच्या खात्यावर धरू नको. ते मी दिलेत."

उरले १,२१,४६९. पतसंस्थेत काही गेलं नाही. वहिनींच्या नावाने वीस-वीस हजारांच्या तीन ठेवी केल्या, बाकी बचत खात्यात. साठ हजारांची एकच ठेव करू नका असं मी सगळ्यांना सांगतो; गरज पंधराची असते आणि मोडावी लागते साठची.

जूननंतर

कागदाचा भाग लवकर सांगून टाकतो, कारण तिथे माझ्याकडूनच दोन गोष्टी राहिल्या.

कार्डाचे ६८,००० भरले १२ जूनला, आणि जुलैत १,३८५ रुपयांचं बिल आलं. बापू घाबरले. बिलाच्या तारखेपासून भरण्याच्या तारखेपर्यंतचं, पंधरा दिवसांचं व्याज आणि कर. फोन करून 'आज खातं पूर्ण बंद करायला किती' असं विचारायला हवं होतं. आम्ही बिलावरचा आकडा भरला. ते पैसे बचत खात्यातून गेले, वहीतलं आईचे देणे १,६९,९१६ झालं. मगच कार्ड बंद केल्याचं पत्र मागितलं.

वित्तसंस्थेत सगळं फेडून ना-देय दाखला हातात, तरी ५ जुलैला खात्यातून ९,१०० कापले गेले. हप्ता आपोआप कापण्याची जी परवानगी बँकेत दिलेली असते, ती वित्तसंस्थेने काढून घेतली नव्हती आणि आम्हीही रद्द केली नव्हती. पैसे अकरा दिवसांनी परत आले. त्या अकरा दिवसांत पिग्मीवाल्याला रोज २४० देताना बापूंची जी तारांबळ झाली ती माझ्या हिशेबात कुठेच नव्हती. आता मी फेडीच्या दिवशीच बँकेत जाऊन ती परवानगी रद्द करायला सांगतो.

ऑगस्टअखेर सिबिलचा अहवाल काढला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, आणि २०२५ पासून बँका दर पंधरवड्याला माहिती कळवतात, म्हणून महिन्या-दोन महिन्यांत बदल दिसायला हवा. दोन्ही खाती बंद दिसली, शेरा नाही.

ऑगस्टमध्येच नदी चढू लागली. या खेपेला बापूंनी वाट पाहिली नाही. तिन्ही मोटरी सोडवून टेम्पोत घातल्या आणि भावाच्या... म्हणजे वहिनींच्या त्याच भावाच्या इस्लामपूरच्या घरी ठेवल्या. हमाली, टेम्पो, परत आणून बसवणं, आणि गिरणी बंद राहिलेले दिवस. वीस हजारांची एक ठेव मोडली. दोन शाबूत राहिल्या.

मधे बँकेतून फोन येत होते, सोन्याचा भाव वाढलाय, त्याच पाटल्यांवर अजून लाखभर मिळतील. बापूंनी एकदा मला विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही. वहिनींनी फोन स्वतः उचलला असावा.

हे लिहितोय २०२६ च्या मार्चात. कांडपाचा हंगाम सुरू झालाय, गिरणीबाहेर ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्यांची पोती, रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण शिंकतोय. फेब्रुवारीचा हिशेब परवा मुलीने आणून दाखवला. हप्ते, घरखर्च जाऊन उरले त्यांतले वीस हजार बापूंनी वहिनींच्या खात्यावर टाकले. वहीत 'आईचे देणे' १,४९,९१६. उरलेल्या दहांत मोडलेल्या ठेवीची निम्मी भरपाई.

मे अखेरीस जे सुटेल ते पतसंस्थेत भरायचं की गंठण सोडवायचं, यावर घरात दोन मतं आहेत. गंठण म्हणणारे बापू आहेत.